सात सुगरणी आणि एक जाहिरात

गुढीपाडव्याच्या सकाळी दारात पडलेलं वर्तमानपत्र नेहमीपेक्षा जड लागतं. पानंच्या पानं जाहिरातींची. वरच्या कोपऱ्यात गुढी, बाजूला आंब्याचं तोरण, नथ घातलेली हसरी बाई, तिच्या शेजारी फ्रिज, फ्रिजवर लाल गोलात सवलतीचा आकडा, त्याखाली मासिक हप्ता, कर्ज देणाऱ्या तीन कंपन्यांची बोधचिन्हं, बावीस दुकानांचे पत्ते, क्यूआर कोड आणि अगदी तळाशी मुंग्यांच्या रांगेसारख्या अटी. मथळा असतो, ‘साजरा करा आनंदाचा सण’. वाचक पान उलटतो. संध्याकाळी विचारलं, तर ती जाहिरात फ्रिजची होती की टीव्हीची, हे त्याला आठवत नाही.

अशी जाहिरात कुणी एकट्यानं बसून केलेली नसते. ती हळूहळू तशी होत जाते. कशी, ते पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. काल्पनिक असलं, तरी जाहिरात एजन्सीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

समजा, कॉपीरायटर आणि आर्ट डिरेक्टर यांनी मिळून पाडव्यासाठी एक लेआउट केला. पांढरं शुभ्र पान. मधोमध दार उघडलेला रिकामा फ्रिज. आत एकच वाटी, कडुलिंब आणि गुळाची. खाली दोन छोटी वाक्यं: ‘आज फक्त कडुलिंब खा. हप्त्याचं मे महिन्यात बघू.’ एवढंच. मराठी माणूस क्षणभर थांबेल, ओठांच्या कोपऱ्यात हसेल आणि पहिला हप्ता मेमध्ये आहे हे त्याच्या लक्षात राहील.

आता हा लेआउट घेऊन एजन्सीचा सर्व्हिसिंगवाला, म्हणजे क्लायंट सांभाळणारा माणूस, फ्रिजच्या कंपनीकडे जातो. ब्रँड मॅनेजरला तो आवडतो, पण फ्रिज रिकामा कसा दाखवायचा? भाज्या, फळं, आइस्क्रीम भरलं की क्षमता दिसेल. फ्रिज भरला जातो आणि वाटी दिसेनाशी होते. मार्केटिंगच्या प्रमुखांना ‘कडू’ची आठवण आपल्या नावाशेजारी नको वाटते, सणाला चांगलं बोलावं. वाक्य बदलतं. विक्री विभाग म्हणतो की सवलत ठळक हवी, कारण दुकानदार तेच विचारतात. विभागीय कार्यालय दुकानांचे पत्ते पाठवतं. एका दुकानाचं नाव घेतलं तर बाकीचे रुसतील, म्हणून बावीसच्या बावीस. कायदा विभाग ‘मे महिन्यात बघू’ला हरकत घेतो, कारण हप्त्याच्या अटी स्पष्ट लिहायला हव्यात. मग कुणीतरी म्हणतं, सगळं छान आहे, फक्त लोगो जरा मोठा करा. रात्री साडेनऊला वर्तमानपत्राची मुदत संपत आलेली असताना स्टुडिओतला मुलगा ज्या फाइलवर काम करत असतो, तिच्या नावात ‘फायनल’ हा शब्द चौथ्यांदा आलेला असतो.

यातली एकही सूचना वेडगळ नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. प्रत्येकाकडे कारण आहे आणि प्रत्येकाचं कारण आपापल्या टेबलापुरतं खरं आहे. तरीही शेवटी जे छापलं जातं, ते कुणालाच मनापासून हवं नव्हतं. आपल्याकडे जुनी म्हण आहे, सात सुगरणी आणि भाजी अळणी. सातही जणींना स्वयंपाक येतो, म्हणीतली खरी गोम ती आहे.

टीव्हीच्या जाहिरातीचा प्रवास याहून लांब असतो. क्लायंटचं मागणीपत्र म्हणजे ब्रीफ, कल्पना, पटकथा, स्टोरीबोर्ड, हलत्या चित्रांचा कच्चा नमुना म्हणजे अ‍ॅनिमॅटिक, त्यावर ग्राहकांची चाचणी, चित्रीकरणाआधीची बैठक, पहिलं संकलन, दुसरं संकलन, संगीत. प्रत्येक टप्प्यावर मंजुरी, आणि बहुराष्ट्रीय कंपनी असेल तर मुंबईनंतर सिंगापूर किंवा लंडन. दर टप्प्यावर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. ‘हो, हेच करा’ असं म्हणून विषय संपवण्याचा अधिकार मात्र सर्वांत वरच्या एखाद्यालाच असतो आणि त्याच्यापर्यंत जाहिरात सर्वांत शेवटी पोचते.

साधा हिशेब करून पाहावा. एखादी धाडसी कल्पना एका टेबलावरून सुखरूप पुढे जाण्याची शक्यता ८० टक्के धरू. ही उदार धारणा आहे. टेबलं सात असतील, तर सातही ओलांडून ती जशीच्या तशी बाहेर पडण्याची शक्यता उरते सुमारे २१ टक्के. उलट, आधी शंभरदा पाहिलेली सुरक्षित कल्पना दर टेबलावरून ९५ टक्के शक्यतेनं सुटते असं मानलं, तर सात टेबलांनंतरही ती जवळजवळ ७० टक्के वेळा जिवंत असते. टेबलं दोनच ठेवली, तर धाडसी कल्पनेची शक्यता एकदम ६४ टक्क्यांवर येते. म्हणजे कुणीही वाईट हेतूनं वागलं नाही, तरी नुसत्या टप्प्यांच्या संख्येनंच सपाट जाहिराती निवडल्या जातात. प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात जाहिरातदारांना हाच सल्ला दिला होता: जाहिरात दोनपेक्षा जास्त पातळ्यांच्या चाळणीतून काढू नका. एका कंपनीत त्यांनी अशा पाच पातळ्या पाहिल्या होत्या. आजच्या कुठल्याही मोठ्या कंपनीत पाच म्हणजे थोड्याच म्हणाव्या लागतील.

टेबलांच्या संख्येइतकंच माणसाचं मनही इथे आडवं येतं. गॅब्रिएल अ‍ॅडम्स, लीडी क्लॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. एखादी गोष्ट सुधारायला सांगितली की लोक तिच्यात काहीतरी घालायचा विचार करतात. काढून टाकण्याचा पर्याय त्यांना बहुतेकदा सुचत नाही. लेगोच्या ठोकळ्यांची एक डगमगती रचना पक्की करायची होती, घातलेल्या प्रत्येक ठोकळ्याचे पैसे पडणार होते आणि एक ठोकळा काढला की काम फुकटात होणार होतं, तरी अनेकांनी ठोकळे वाढवले. जाहिरातीच्या मंजुरीच्या बैठकीत नेमकं हेच घडतं. ‘यातलं अमुक काढा’ असं क्वचित ऐकू येतं. ‘यात तमुकही येऊ दे’ हे मात्र प्रत्येक जण म्हणतो, कारण आपण जाहिरात लक्षपूर्वक पाहिली, हे दाखवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग असतो.

दुसरा अभ्यास जेनिफर म्युलर आणि सहकाऱ्यांचा, २०१२ सालचा. लोक तोंडानं ‘आम्हाला नवीन काहीतरी हवं’ म्हणतात, पण अनिश्चितता वाटू लागली की नव्या कल्पनेविषयी त्यांच्या मनात नकळत तिटकारा तयार होतो आणि ती चांगली आहे हे ओळखणंसुद्धा त्यांना कठीण जातं, असं त्यात आढळलं. क्लायंटच्या ब्रीफमध्ये ‘चाकोरीबाहेरचं’ हा शब्द असतो आणि तसं काही समोर आलं की त्याच खोलीत शांतता पसरते. एजन्सीतल्या तरुण मुलांना हा दुटप्पीपणा वाटतो. तो दुटप्पीपणा नसतो. वेगळी जाहिरात फसली तर ती मंजूर करणाऱ्याचं नाव निघतं. नेहमीसारखी जाहिरात फसली तर बाजारावर, पावसावर किंवा प्रतिस्पर्ध्यावर खापर फुटतं. नोकरीतला माणूस भीतीपोटी सुरक्षित बाजूला सरकतो, यात नवल नाही.

आणि ही भीती फक्त मधल्या फळीत नसते. १९८३ सालच्या डिसेंबरात अ‍ॅपलच्या संचालक मंडळानं नव्या मॅकिंटॉश संगणकाच्या जाहिरातीची एक मिनिटाची फिल्म पाहिली. राखाडी कपड्यांतली, गुलामांसारखी चालणारी माणसं, पडद्यावर बोलणारा हुकूमशहा, आणि धावत येऊन त्या पडद्यावर हातोडा भिरकावणारी एक तरुणी. दिग्दर्शक रिडली स्कॉट, एजन्सी चायट-डे. संगणक कुठेच दिसत नव्हता. संचालकांना फिल्म अजिबात आवडली नाही. एजन्सी बदलावी का, असाही प्रश्न तिथे निघाला. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात घेतलेली जाहिरातीची वेळ विकून टाका, असा निरोप एजन्सीला गेला. एजन्सीनं ३० सेकंदांची वेळ विकली; ६० सेकंदांची मात्र तिच्या हाती राहिली. कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी फिल्म पाहून तिच्या प्रक्षेपणाचा अर्धा खर्च, म्हणजे सुमारे चार लाख डॉलर, स्वतःच्या खिशातून द्यायची तयारी दाखवली होती. ती वेळ आली नाही. २२ जानेवारी १९८४ ला ती जाहिरात दाखवली गेली, दोन दिवसांनी मॅकिंटॉश बाजारात आला आणि पुढे जाहिरातीच्या इतिहासावरचं एकही पुस्तक त्या एका मिनिटाशिवाय पुरं झालं नाही. विकायला काढलेली एक वेळ विकली गेली नाही, एवढ्याशा गोष्टीवर तिचं भवितव्य अवलंबून होतं.

ब्रिटनमधली कॅडबरीची गोष्ट याच जातीची. २००६ साली साल्मोनेला जंतूंच्या शंकेमुळे कंपनीला दहा लाखांहून अधिक चॉकलेटं बाजारातून परत घ्यावी लागली होती. अशा वेळी कुठलीही कंपनी अंग चोरून चालते. त्याच सुमाराला फॅलन एजन्सीच्या हुआन काब्राल यांनी दीड मिनिटाची फिल्म पुढे ठेवली: फिल कॉलिन्सच्या गाण्यावर एक गोरिला डोळे मिटून वाट पाहतो आणि मग जीव ओतून ड्रम वाजवतो. बस्स. वरिष्ठांचे आक्षेप बिनतोड होते: नेहमीच्या जाहिरातीपेक्षा तिप्पट लांब, चॉकलेट कुठे नाही, संदेश कुठे नाही. फिल्म काही महिने अडकून पडली. मार्केटिंगचे प्रमुख फिल रम्बोल यांनी चिकाटी सोडली नाही आणि ३१ ऑगस्ट २००७ ला ती दाखवली गेली. पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात तिला फिल्म विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चॉकलेटची विक्री वाढली. कुणीतरी एकानं ‘जबाबदारी माझी’ असं म्हटलं, इतकाच फरक होता.

मराठी जाहिरातीच्या वाट्याला याखेरीज एक वेगळंच दुखणं येतं आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. मोठ्या ब्रँडच्या जाहिराती बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत जन्मतात; मराठी मजकूर नंतर, घाईत, भाषांतरकाराकडून येतो. तो मंजूर करणाऱ्याला पुष्कळदा मराठी येत नाही. मग तो मराठी ओळीचं शब्दशः इंग्रजी मागवतो. समजा, मराठी लेखकानं एखाद्या मसाल्यासाठी लिहिलं, ‘पोटभर जेवा, मनभर बोला’. शब्दशः इंग्रजीत त्याचं ‘ईट स्टमक-फुल, टॉक माइंड-फुल’ होतं. कंपनीच्या गुरुग्राममधल्या टेबलावर ही ओळ अर्थहीन दिसते. ‘मूळ हिंदी ओळीतला ‘संपूर्ण भोजनाचा आनंद’ कुठे गेला?’ असा प्रश्न येतो आणि दोन फेऱ्यांनंतर छापलं जातं, ‘घ्या संपूर्ण भोजनाचा आनंद’. शब्दाला शब्द जुळला म्हणून ती मंजूर झाली. पण कोल्हापूरच्या किंवा अकोल्याच्या कुठल्याही घरात पानावर बसलेला माणूस असं बोलत नाही. मराठी जाहिराती कृत्रिम का वाटतात, याचं उत्तर लेखकांच्या कुवतीत शोधण्याआधी या उलट्या भाषांतराच्या खिडकीत शोधावं. तिथे म्हणी मरतात, लय मरते, आणि वाचकाचा अपमानही होतो, कारण त्याच्या भाषेची परीक्षा ती भाषा न जाणणारा माणूस घेत असतो.

मग मंजुरी नकोच का? तसं म्हणता येणार नाही. पैसा क्लायंटचा असतो, माल त्याचा असतो आणि खोट्या दाव्याचं उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर भारतात १९५४ पासून कायदा आहे. जाहिरात व्यवसायानं स्वतःवर नजर ठेवण्यासाठी मुंबईत १९८५ साली अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल स्थापन केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंड आहे. गोरं करणारं मलम, आठवड्यात वजन उतरवणारं चूर्ण असल्या दाव्यांना कायदा विभागानं अडवायलाच हवं. दावा खरा आहे का, किंमत बरोबर आहे का, कुणाची बदनामी होते का, हे तपासणं ही एक गोष्ट. बाईच्या साडीचा रंग, वाक्यातला विनोद आणि पानावरची मोकळी जागा यांवर सात विभागांनी मत देणं ही वेगळी गोष्ट. दोन्हींना ‘मंजुरी’ हा एकच शब्द वापरला जातो आणि तिथेच घोटाळा होतो.

शिवाय पुष्कळ डोळ्यांखालून गेलं म्हणजे चूक टळते, हाही भ्रम आहे. एप्रिल २०१७ मध्ये पेप्सीनं मॉडेल केंडल जेनरची फिल्म आणली. रस्त्यावरच्या निदर्शनांत ती पोलिसाला पेप्सीचा डबा देते आणि सगळं शांत होतं. इतक्या मोठ्या कंपनीत ती फिल्म कितीतरी बैठकांतून गेली असणार. कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाची ही थट्टा आहे, असा संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. दहा जणांनी सही केली, तर प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या नऊ जणांनी नीट पाहिलं असेल.

यावर उपाय फार जुना आहे आणि तो कागदावर लिहून ठेवलेला आहे. १९६२ साली भाड्यानं मोटारी देणारी एव्हिस ही अमेरिकन कंपनी वर्षानुवर्षं तोट्यात होती. नवे प्रमुख रॉबर्ट टाउनसेंड हे डॉयल डेन बर्नबाख एजन्सीच्या बिल बर्नबाख यांच्याकडे गेले. बर्नबाख यांनी अट घातली: आम्ही लिहू तसंच छापायचं. टाउनसेंड यांनी नुसतं ‘हो’ म्हटलं नाही, आपल्या कार्यालयासाठी लेखी धोरणच काढलं. त्याचा सारांश असा: एव्हिस जाहिरात मंजूर करेल किंवा नामंजूर करेल, सुधारायला जाणार नाही. बदल सुचवायचाच तर वस्तुस्थितीच्या चुकीपुरता, उदाहरणार्थ गणवेश चुकीचा दाखवला असेल तर. आणि एजन्सीनंही स्वतःला मनापासून पटलेलीच जाहिरात आणायची, ‘बघू, यांना हे कसं वाटतं’ म्हणून चार पर्याय पसरायचे नाहीत. यातूनच ‘आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त झटतो’ ही जाहिरातमाला आली. आपण पहिले नाही, हे पैसे खर्चून जगाला सांगायचं. सात टेबलांवरून ही ओळ जिवंत सुटली असती, असं कुणीही छातीठोकपणे म्हणणार नाही. एव्हिस वर्षभरात नफ्यात आली.

त्या कागदातलं एजन्सीविषयीचं कलम विशेष मोलाचं आहे. मंजुरीच्या छळाला एजन्सीही जबाबदार असते. तीन लेआउट दाखवायचे, त्यांतले दोन भरतीचे, मग क्लायंट म्हणतो, पहिल्याचं चित्र, दुसऱ्याचा मथळा आणि तिसऱ्याचा रंग घ्या. स्वतःलाच खात्री नसेल, तर समोरच्यानं का धरावी?

भारतात एजन्सीवर असा विश्वास टाकल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या रस्त्यांवरच घडलं. १९६६ साली अमूल बटरचं काम एएसपी या एजन्सीकडे आलं. तिथे सिल्व्हेस्टर दाकुन्हा होते आणि कला विभागात युस्टेस फर्नांडिस. ठिपक्यांच्या झग्यातली, निळ्या केसांची ती मुलगी त्यांनी जन्माला घातली. चालू घडामोडींवरचं होर्डिंग करायचं, तर ते त्या घडामोडीची चर्चा चालू असतानाच लागायला हवं. त्या काळात होर्डिंग हातानं रंगवलं जायचं, त्यात दिवस जायचे. अमूलच्या मुख्यालयात, आणंदला, मसुदा पाठवून उत्तराची वाट पाहिली असती, तर बातमी शिळी झाली असती. अमूलचे प्रमुख डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी निर्णय घेतला: आधी दाखवायची गरज नाही, तुम्ही करा आणि लावा.

या विश्वासाची किंमतही अमूलनं मोजली. इंडियन एअरलाइन्सच्या संपावरचं होर्डिंग झोंबलं, तेव्हा जाहिरात काढली नाही तर विमानात अमूल बटर देणं बंद करू, असा इशारा आला. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ अशी ओळ आली. बाप्पाच्या जयघोषातलं ‘मोरया’ इंग्रजीतल्या ‘मोअर’शी जुळवलेलं. शिवसेनेच्या लोकांनी आक्षेप घेतला आणि होर्डिंग काढलं नाही तर कार्यालयाची मोडतोड करू असं बजावलं, असं दाकुन्हा यांनी सांगून ठेवलं आहे. दुसऱ्या एखाद्या कंपनीत अशा एका प्रसंगानंतर लगेच समिती नेमली गेली असती, तिच्या मंजुरीशिवाय काही लागायचं नाही असा फतवा निघाला असता. अमूलमध्ये तो निघाला नाही. भरत दाभोळकर त्या होर्डिंगांसाठी लिहून गेले, पुढे मनीष झवेरी लिहू लागले, जयंत राणे चित्रं काढू लागले, आणि सिल्व्हेस्टर यांच्यानंतर राहुल दाकुन्हा यांनी काम सांभाळलं. माणसं मोजकी आणि दीर्घकाळ तीच राहिली. चूक झाली तर कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं; चांगलं झालं तर कुणामुळे, हेही.

पुढच्या पाडव्याला जे मराठी व्यापारी, कारखानदार आणि सहकारी बँका जाहिरात देणार आहेत, त्यांना हे करून पाहायला खर्च काही येणार नाही. आपल्या संस्थेत जाहिरातीवर शेवटचा शब्द कुणाचा, ते एक नाव ठरवावं. किंमत, अटी आणि दावे बाकीच्यांनी तपासावेत, एकदाच, एकाच कागदावर. मराठी ओळ मराठी माणसानं मोठ्यानं वाचून पाहावी. आणि लेआउटमध्ये फ्रिज रिकामा दिसला, तर तो भरायला सांगण्याआधी त्यात ठेवलेल्या वाटीकडे जरा पाहावं.